मेगनचं घरटं

आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणावर पाळत ठेवायला परदेशात प्रवास केलेला नव्हता. तो मान माझ्याकडे आला. तेव्हा मी लीड्सला राहायचो. एका बँकेचं सॉफ्टवेअर बिघडलं की ते वेगळ्या प्रकारे बिघडवून द्यायचं, असं माझं कामाचं स्वरूप होतं. वय एकतीस. आणि जिच्यावर पाळत ठेवायची ती माझी सख्खी आत्या, वय चौसष्ट.

शरयूआत्या सांगलीच्या एका कॉलेजात बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणते. गॅसला नंबर लावायचा राहून गेला म्हणावं तसं. तिचा सगळा जीव एका पक्ष्यावर. ऑस्ट्रेलियातला सॅटिन बाउअरबर्ड. आत्या त्याला कुंजपक्षी म्हणते. मैनेहून मोठा, कबुतराहून जरा लहान. नर निळसर काळा, चकचकीत. हा गृहस्थ जमिनीवर काड्यांच्या दोन समांतर भिंती उभारतो, मधे एक अरुंद बोळ ठेवतो आणि बोळाच्या तोंडाशी निळ्या वस्तूंचं प्रदर्शन मांडतो. पिसं, फुलं, माणसाने टाकलेली झाकणं, काहीही. फक्त निळं पाहिजे. मादी येते, बोळात उभी राहून त्याचा नाच बघते. पसंत पडला तर ठीक, नाहीतर पुढच्या कुंजाकडे. आणि पसंत पडला तरी त्याचं काम तिथेच संपलं. घरटं ती एकटी बांधते, लांब कुठेतरी झाडावर. अंडी ती उबवते, पिल्लांना ती भरवते. हा परत झाकणं मांडायला मोकळा.

"कुंज म्हणजे घर नव्हे," आत्या दर वर्षी वर्गाला सांगायची. "ती त्याची ड्रॉइंगरूम. घर बाईच बांधते." मिरज-इस्लामपूरच्या मुली खाली मान घालून हसायच्या.

मात्र बत्तीस वर्षांत हा पक्षी तिने बघितला होता तो फक्त पुस्तकातल्या एका काळ्यापांढऱ्या रेखाचित्रात.

यात माझी चूक एवढीच, की मी एकदा सांगलीला काचेचा टीसेट पाठवताना तो एका जुन्या मासिकात गुंडाळला. पक्षी पाळणाऱ्यांचं मासिक होतं, शेजाऱ्याने फेकलेलं. टीसेट फुटला, मासिक शाबूत पोचलं. त्यात वेल्समधल्या ग्विलिम प्रॉसर नावाच्या माणसाचं पत्र छापलेलं होतं: माझ्याकडे सॅटिन बाउअरबर्डची जोडी आहे, तीन वर्षं होत आली, अजून अंडं नाही, कुणी काही सुचवेल का? आत्याने मासिकाच्या पत्त्यावर चार पानं सुचवलं. प्रॉसरांनी उत्तर दिलं. मग दर महिन्याला सांगलीत वेल्सचं पाकीट यायला लागलं, आणि आमच्या वडिलांची झोप उडाली.

मे महिन्यात आत्या माझ्याकडे यायला निघाली तेव्हा बाबांचा फोन आला.

"हेमू, ती त्या माणसाकडे जाणार म्हणते. तू बरोबर जा. आणि लक्ष ठेव."

"कशावर?"

"सगळ्यावरच," बाबा म्हणाले.

लीड्स, शुक्रवार

आत्या उतरली ती एक किलो भडंग घेऊन. "प्रॉसरांना," ती म्हणाली. मला काही नाही.

माझा फ्लॅट तिने दारातूनच पाहिला. नवा सोफा, नवा टीव्ही, भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं मोठं चित्र. "छान मांडलंयस," ती म्हणाली, आणि मला उगाचच वाटलं, की ती माझ्याकडे नातेवाईक म्हणून बघत नाहीये.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती तयार झाली ती गडद निळी साडी नेसून. मोरपिशी काठ, ठेवणीतली. मी बाबांना काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करू लागलो.

"आत्या, जरा जास्तच नटलीस का?"

"प्रयोग आहे," ती म्हणाली. "त्याला निळं आवडतं."

"प्रॉसरांना?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की बत्तीस वर्षांतल्या नापास मुली एका क्षणात मला भेटून गेल्या.

खोऱ्यात, शनिवार

मोटरवेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. इंटरनेटवरून छापून घेतलेल्या नकाशाची पानं आत्याच्या मांडीवर होती, आणि बर्मिंगहॅमजवळ त्यातलं चौथं पान पंधरावं असल्यासारखं वाचलं गेलं, एवढंच. कार्डिफच्या आधी वळून आपण वर चढत जातो तसं खोरं अरुंद होतं. डोंगराच्या उतारावर घरांच्या लांबच लांब रांगा, एकाला एक चिकटलेल्या, खिडक्यांना पांढरे पडदे. रस्त्याच्या पाट्यांवर गावांची नावं. आत्या एक नाव तीनदा मोठ्याने वाचून शेवटी म्हणाली, "यात स्वर कुठे आहे?"

प्रॉसर दारातच उभे होते. बहात्तर वर्षांचे, ठेंगणे, टाय लावलेला. आयुष्यभर बस चालवली त्यांनी, याच खोऱ्यात, वर-खाली. त्यांच्या मागे दार भरून एक बाई उभी होती. पन्नाशीची, दंडावर बाह्या सरसावलेल्या, हाताची घडी.

"माझी मुलगी, कॅरिस," प्रॉसर म्हणाले. "कार्डिफला हॉस्पिटलात सिस्टर आहे. एरवी ख्रिसमसला येते. आज का आली कोण जाणे."

का आली ते मला चहाच्या वेळी कळलं. आत्या आणि प्रॉसर मागच्या अंगणात गेले आणि कॅरिसने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"स्पष्ट विचारते, लव्ह," ती म्हणाली. तिथे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात, बस कंडक्टरपासून. "तुमच्या आत्याचा विचार काय आहे? डॅडकडे हे घर सोडून काही नाही. आणि घरही कौन्सिलचं आहे, भाड्याचं."

"मला घरच्यांनी हेच विचारायला पाठवलंय," मी म्हणालो. "तुमच्या डॅडचा विचार काय आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अशी हसली, की ओट्यावरचे कप वाजले. "पाळतीवर आलास तू!"

"तुम्हीपण."

"चल मग," ती म्हणाली. "दोघं मिळून ठेवू."

मागचं अंगण म्हणजे उतारावर पायऱ्यांनी चढत गेलेली तीन पट्टे जमीन. खाली कांद्याच्या पातीसारखे दिसणारे, पण मनगटाएवढे जाड लीक लावलेले. वरच्या दोन पट्ट्यांवर जाळीचा पिंजरा. पिंजरा म्हणायचं म्हणून. माझ्या फ्लॅटहून मोठा होता, आत दोन झाडं, झुडपं, पाण्याचं तसराळं. आत्या जाळीला नाक लावून उभी होती. पदर जमिनीवर लोळतोय याचं भान नव्हतं.

"तो इद्रिस," प्रॉसर हळू आवाजात म्हणाले.

आत झुडपापाशी इद्रिस आपल्या कुंजात काम करत होता. काड्यांच्या दोन भिंती, वीतभर उंचीच्या, आतल्या बाजूला किंचित कललेल्या. चोचीत काहीतरी चघळलेलं घेऊन तो भिंतीच्या आतल्या काड्यांना ते फासत होता. "रंग देतोय," आत्या पुटपुटली. "लाळ आणि पाला. चित्रात हे नव्हतं." बोळाचं तोंड बरोबर उत्तरेला होतं, प्रॉसरांनी होकायंत्र लावून पाहिलेलं. पुढ्यात दुधाच्या बाटल्यांची निळी झाकणं, कपड्यांचे चिमटे, एक टूथब्रश, आणि प्रॉसरांच्या दम्याच्या पंपाचं टोपण.

"टोपण परत काढून घेत नाही का?" मी विचारलं.

"दोनदा घेतलं," प्रॉसर म्हणाले. "त्याने दोनदा नेलं. आता मीच दुसरं आणलं."

आत्याला आत सोडलं. प्रयोग सुरू झाला, आणि लगेच संपलाही. इद्रिसने मान वाकडी करून निळी साडी पाहिली. त्याचे डोळे जांभळे, लाल कडेचे. बघितल्यावर आपलाच काहीतरी गुन्हा आठवावा असे. मग तो टुणटुण उड्या मारत आला, पदराचं टोक चोचीत धरलं आणि कुंजाच्या दिशेने ओढायला लागला. आत्या बावन्न किलोची, इद्रिस मूठभर. तरी ती दोन पावलं त्याच्याबरोबर गेली.

"मला असं आजवर कुणी ओढलेलं नाही," ती जाळीतून मला म्हणाली. मराठीत. बरं झालं मराठीत म्हणाली.

"आणि ही मेगन," प्रॉसर म्हणाले.

मेगन हिरवट रंगाची, पोटावर खवल्यांची नक्षी. मादी अशीच असते. डोक्यावर एका ठिकाणी पिसं गेलेली. "इद्रिस टोचतो तिला," प्रॉसर म्हणाले. "नवरा-बायकोची भांडणं. पण आता सगळं ठीक होणार आहे. पत्रात मुद्दाम लिहिलं नाही मी. तुम्हाला इथेच दाखवायचं होतं." त्यांनी कोपऱ्यातलं झुडूप बाजूला केलं. "घरटं बांधायला घेतलंय तिने."

झुडपाच्या मागे जमिनीवर काड्यांचा एक ओबडधोबड ढीग होता. दोन ओळी, एक पडलेली. मधे एक निळं झाकण.

आत्या खाली बसली. बराच वेळ बघत राहिली. मग मेगनकडे पाहिलं, विशेषतः चोचीकडे. मग परत काड्यांकडे.

"उद्या आमच्या पक्षिमंडळाचे लोक येणार आहेत," प्रॉसर म्हणाले. "चौघं. त्यांना फोन केलाय. पूर्ण वेल्समध्ये कुणाकडे झालं नसेल हे, प्रोफेसर."

"छान काड्या आहेत," आत्या म्हणाली.

मला ती पुढे काय बोलणार ते ऐकायचं होतं. पण ती पदर झटकून घराकडे निघाली.

जेवायला प्रॉसरांनी लीक-बटाट्याचं सूप केलं होतं. व्हेजिटेरियन, असं तीनदा सांगून. आत्याने दुसऱ्या चमच्याला एक गुलाबी तुकडा वर काढला आणि उजेडात धरला.

"तो नुसता चवीला," प्रॉसर म्हणाले. "बेकन."

"स्नायूंचे तंतू छान दिसतायत," आत्या म्हणाली, तुकडा बशीच्या कडेला ठेवला आणि उरलेलं सूप संपवलं. मला नंतर म्हणाली, "आयुष्यभर बेडूक कापले. एका तुकड्याने मरत नाही मी." भडंग मात्र प्रॉसर मूठमूठ खात होते आणि डोळ्यांतून पाणी काढत होते. कॅरिसने तव्यावर भाजलेले वेल्शकेक आणले, मनुका घातलेले, वरून साखर भुरभुरलेले. आत्याने पाच खाल्ले, आणि खपली गव्हाचे केले तर कसे लागतील ते सांगितलं.

बी-अँड-बी, संध्याकाळ

उतरलो होतो ते घर गावाच्या खालच्या टोकाला. बाथरूममध्ये गालिचा होता, भिंतीपासून भिंतीपर्यंत, गुलाबी. आत्याने मालकिणीकडे बादली मागितली. मालकिणीने फरशी पुसायची बादली दिली आणि "काही सांडलं का?" म्हणून विचारलं. एरवी या एका विषयावर आत्या तासभर बोलली असती. ती खिडकीशी चहा घेऊन बसून राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"मेगन मादी नाहीये."

"म्हणजे?"

"मुलगा आहे तो. तरणा. कुंजपक्ष्याचा नर सहा-सात वर्षं हिरवाच असतो, अगदी मादीसारखा. मग काळा होतो. त्याची चोच बघितलीस? फिकी पडायला लागलीय. गळ्याला एक काळं पीसही आलंय. आणि ते घरटं नव्हे. घरटं वर फांद्यांच्या बेचक्यात असतं, बशीसारखं उथळ. जमिनीवर दोन ओळी म्हणजे कुंज. कच्चा. शिकाऊ मुलाने बांधलेला."

मला हसू फुटलं. आवरेचना. "म्हणजे इद्रिस तीन वर्षं..."

"त्याच्यापुढे नाचतोय. हो. जंगलातही होतं असं. तरणे नर मोठ्यांच्या कुंजात येऊन बसतात, नाच बघतात. असेच शिकतात ते."

"आत्या, सांगू नकोस. सोमवारी आपण जाणार. म्हाताऱ्याचा आनंद कशाला घालवायचा? पत्रातून हळूहळू कळव. पीस एक, पीस दोन असं."

"तो कुंज बांधायला लागलाय, हेमू. इद्रिसच्या हद्दीत. डोक्यावरची पिसं कुणी काढली? मोकळ्या रानात हरलेला उडून जातो. इथे जाळी आहे. जाईल कुठे?"

माझं हसू ओसरलं.

"प्रॉसरांची सगळी तयारी झालीय," आत्या म्हणाली. "केकसुद्धा सांगितलाय म्हणे." आणि तो चहा तिने तसाच गार होऊ दिला.

रविवार

सकाळी नऊला आम्ही दारात. प्रॉसर तोच टाय लावून स्वयंपाकघरात बशा मांडत होते. केक आलेला होता, त्यावर साखरेचं घरटं आणि त्यात दोन अंडी. कॅरिस टेबल पुसत होती. मी अंगणाच्या दाराशी उभा राहिलो. पळायचं झालं तर जवळ पडावं म्हणून.

आत्या बसली नाही. "मिस्टर प्रॉसर," ती म्हणाली, वर्गात म्हणायची त्याच इंग्रजीत, "मेगन इज अ बॉय."

प्रॉसरांच्या हातात बशी होती. ती त्यांनी ठेवली. आत्याने चोच सांगितली, पीस सांगितलं, काड्या सांगितल्या. काही वगळलं नाही. माझा तिच्यावर राग होता. एखादी गोष्ट गिळायला काय जातं या बाईचं, असं वाटत होतं. आणि त्याच वेळी हेही दिसत होतं, की तिने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली आहे.

"तुम्ही हा पक्षी काल पहिल्यांदा पाहिलात," प्रॉसर शेवटी म्हणाले. "मी तीन वर्षं रोज बघतोय. सकाळी आणि संध्याकाळी. तुम्ही पुस्तकातून शिकवलंत."

"हो," आत्या म्हणाली. "पुस्तकातूनच शिकवलं."

"मग?"

कॅरिसने फडकं खाली ठेवलं आणि काही बोलणार, तेवढ्यात वरच्या पिंजऱ्यातून आवाज आला. आधी काड्या मोडल्याचा, मग जाळीवर काहीतरी आदळल्याचा, आणि मग एक लांब, घासलेली किंकाळी.

मी दाराशी होतो म्हणून पहिला पोचलो. इद्रिसने कोपऱ्यातला कुंज उधळून टाकला होता आणि मेगनला जाळीच्या कोनात गाठलं होतं. तो वर बसून टोचत होता, एका लयीत, भिंतीला रंग देताना जसा टोचत होता तसाच. मी दार उघडून आत घुसलो आणि काय करायचं ते न कळून "ए! ए!" ओरडलो. इद्रिसला मराठी कळत नव्हती. माझ्या बाजूने काहीतरी राखाडी उडत गेलं. आत्याने अंगातला स्वेटर काढून फेकला होता. तो बरोबर इद्रिसवर पडला, आणि आत्या साडीसकट गुडघ्यांवर त्याच्यावर पडली.

"मेगनला धर!" ती ओरडली.

मी धरलं. मेगनने उपकाराची फेड म्हणून माझा अंगठा फोडला.

मग शांतता झाली. मी वळून पाहिलं तर आत्या चिखलात बसलेली. स्वेटरच्या बाहीतून इद्रिसचं डोकं बाहेर आलेलं आणि तिचे दोन्ही हात त्याच्याभोवती. तो आता झटापट करत नव्हता. तिचा एक अंगठा त्याच्या छातीवर होता. तिच्या ओठांची हालचाल होत होती. आधी मला वाटलं ती त्याला रागावतेय. मग कळलं, ती ठोके मोजत होती.

"किती गरम असतो," ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली कोण जाणे.

प्रॉसर पिंजऱ्याच्या दारात धापा टाकत उभे होते. कॅरिसने त्यांच्या खिशातून पंप काढून त्यांच्या हातात दिला. दोन झुरके घेतल्यावर ते माझ्याकडे आले, मेगनला माझ्या हातून घेतलं आणि मान अंगठ्याने हळूच वर केली. गळ्यावर रक्त होतं, आणि त्याच्या बाजूला एक पीस, निळसर काळं, इद्रिसच्या रंगाचं. ते त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मला वाटलं सावली पडलीय," ते म्हणाले.

कॅरिसने स्वयंपाकघराच्या टेबलावर दवाखाना मांडला. "आधी मेगन, मग तू," ती मला म्हणाली. इद्रिसला खालच्या शेडमध्ये एका मोठ्या खोक्यात ठेवलं. आत्याने त्याला सोडायला जरा जास्तच वेळ लावला.

आणि मग दाराची घंटा वाजली.

मंडळाचे चौघं आत आले. सगळे सत्तरीपुढचे, टोप्या हातात, त्यातल्या एकाने फुलं आणलेली. प्रॉसर टेबलाच्या टोकाला उभे राहिले. टायला चिखल लागला होता.

"दोस्तहो," ते म्हणाले, "घरटं नाहीये. माझ्याकडे दोन नर आहेत. या प्रोफेसरबाईंनी ओळखलं. केक आहे, तो खाऊन घ्या."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. टोपी फिरवत असलेला एक म्हातारा खाकरला. "आम्हाला तसं वाटलंच होतं, ग्विल," तो म्हणाला. "मागच्या वर्षीच."

"मला त्याच्या आदल्या," फुलंवाला म्हणाला.

"आणि बोलला नाहीत?"

"तू इतका खूश होतास," पहिला म्हणाला.

प्रॉसर एकदम लाल झाले. मला वाटलं आता पंप लागणार. पण ते चौघांकडे न बघता आत्याकडे वळले, आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. "ही बाई अर्धी पृथ्वी ओलांडून आली आणि चोवीस तासांत मला सांगितलं," ते म्हणाले. "तुम्ही पुढच्या गल्लीत राहता." मग सुरी उचलून त्यांनी केक कापला. साखरेचं घरटं अंड्यांसकट आत्याच्या बशीत ठेवलं.

आत्याने ते सगळं खाल्लं. तिला डायबेटिस आहे. मी पाळतीवर होतो, तरी काही बोललो नाही.

परत

बाबांचा फोन सोमवारी रात्रीपर्यंत थांबला नाही.

"कसा आहे माणूस?"

"चांगला आहे. त्यांचं भांडण झालं."

"झालं ना?" बाबांच्या आवाजात जीव आला. "मग बरंय."

"मग मिटलं."

बाबांनी फोन ठेवला.

आत्या सांगलीला परत गेली. पाकिटं सुरूच राहिली. बाबांनी हळूहळू त्यांची दखल घेणं सोडून दिलं. प्रॉसरांनी लीकची जमीन मोडून तिथे दुसरा पिंजरा बांधला. मेगन बरा झाला, त्यात राहायला गेला, पुढे काळाही झाला. नाव मेगनच राहिलं. प्रॉसरांनी लिहिलं होतं, की त्याची काही तक्रार नाही. इंग्लंडच्या उत्तरेतल्या एका माणसाकडून त्यांनी एक मादी आणली, आणि या खेपेला विकत घेण्याआधी तिचे फोटो चारही बाजूंनी काढून सांगलीला पाठवले. आत्याने हो म्हटल्यावर पैसे दिले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं एक पत्र माझ्याकडे लीड्सला आलं. वर चिठ्ठी होती: सांगलीला पोस्ट दहा दिवस घेतं, तेवढा धीर मला नाही, कृपया हे प्रोफेसरना फोनवर वाचून दाखवा. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोनकार्ड आणलं आणि आकडे दाबले.

"वाच," आत्या म्हणाली.

मी वाचलं. मादीने झाडाच्या बेचक्यात घरटं केलं, उथळ, बशीसारखं, आत पानांचं अस्तर. सगळं एकटीने. इद्रिसला त्याआधीच शेडमध्ये हलवलं होतं, तिथे तो नवा कुंज बांधण्यात गर्क होता आणि त्याने एकदाही चौकशी केली नाही. ती तीन आठवडे बसली. दोन अंडी, त्यातलं एक वाया गेलं. दुसऱ्यातून पिल्लू निघालं, आणि आज सकाळी ते फांदीवर येऊन बसलं.

फोनवर सांगलीतली रिक्षा ऐकू आली.

"अंड्याचा रंग लिहिलाय का?" तिने विचारलं.

लिहिला होता. सायीसारखा पिवळट, आणि त्यावर तपकिरी रेघोट्या, वेड्यावाकड्या, पेन चालतंय का बघण्यासाठी कुणी मारल्यासारख्या.

"पिवळट?"

"हो. का?"

"मी निळसर सांगायची," आत्या म्हणाली. "पुस्तकात दिलेलंच नव्हतं. पहिल्या वर्षी एका मुलीने विचारलं, मी म्हटलं निळसर. त्या सगळ्या निळ्यात नीट बसत होतं ते. मग बत्तीस वर्षं तेच सांगितलं. परीक्षेत लिहिलं तर मार्कही दिले."

मी हसलो. तीही हसली, पण जरा उशिरा.

"कुणी तुला विचारलं नाही, कशावरून?"

"कुणी कशाला विचारेल? मी इतक्या खात्रीने सांगायची."

कार्डातल्या टेपवरच्या बाईने मधेच, एक मिनिट राहिलं म्हणून सांगितलं.

"हेमू, रेघोट्यांचं परत वाच," आत्या म्हणाली. "सावकाश. लिहून घेते."